पायरीवरचा फेस

बाळांनो,

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही मला एक प्रश्न विचारलात आणि मी दूध उतू जातंय असं सांगून उठले. दूध उतू जात नव्हतं. तुमच्या आईबाबांसमोर मला त्याचं उत्तर द्यायचं नव्हतं, कारण मधेच कोणीतरी "जाऊ दे ना आई" म्हणालं असतं. लिहिताना तसं कोणी म्हणत नाही.

आपल्या गावदेवीच्या देवळातली संगमरवरी पायरी माझ्यामुळे फुटली, असं तुमच्या चुलत आजोबांनी तुम्हाला सांगितलं. विधवा बाईने पाय ठेवला म्हणून देवी कोपली, असंही सांगितलं. मग धाकटीने मला सरळ विचारलं, "आजी, तू तोडलीस का?"

पायरी माझ्यामुळे गेली, हे खरं आहे. बाकी सगळं खोटं आहे. आणि हे आत्ताच लिहायचं कारण म्हणजे तुमचे चुलत आजोबा अजून धडधाकट आहेत. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशनही नीट झालं आहे, त्यामुळे त्यांना वाचता येतं. मेलेल्या माणसाबद्दल लिहिण्यात मला गंमत वाटत नाही, कारण तो चिडत नाही. तुम्ही हे वाचून झालं की खुशाल त्यांना पाठवा.

शाळेत मी प्रयोग शिकवायचे तेव्हा फळ्यावर आधी साहित्य लिहायचे, मग कृती, मग निरीक्षण. इथेही साहित्यापासून सुरू करते. साहित्य म्हणजे एक काळा दगड.

माझे वडील अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत होते. मी तिथल्या क्वार्टर्समध्ये वाढले, इंग्रजी शाळेत शिकले, आणि लग्न होऊन आले ती अंबरनाथ आणि बदलापूर यांच्यामधल्या या गावात, शेतकऱ्याच्या घरात. आता तुम्ही येता तेव्हा तुम्हाला इथे फक्त टॉवर आणि रिक्षा दिसतात, पण तेव्हा घराच्या मागल्या दारातून भाताची खाचरं थेट देवळापर्यंत जात. देऊळ म्हणजे चार खांब, वर कौलं, आत शेंदूर लावलेली देवी, आणि तिच्यासमोर एकच पायरी. ती पायरी म्हणजे एक अखंड काळा दगड होता, पलंगाच्या लांबीचा. कोणत्या पूर्वजाने तो कुठून आणला, हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

लग्नानंतरच्या पहिल्या मंगळवारी सासूबाई मला तिथे घेऊन गेल्या. मी पाचवारी नेसून अवघडून उभी होते. त्या पायरीवर टेकल्या आणि शेजारची जागा हाताने झाडून म्हणाल्या, "बस गो पोरी. दगर गार हाय."

"पायरीवर बसायचं?"

"मंग कुठं बसशील, देवीच्या मांरीवर?"

तुमच्या पणजीचं बोलणं हे असं होतं. दगडाच्या मधोमध एक उथळ खळगा पडला होता, बसून बसून. त्या खळग्याच्या कडेला चिंचोक्याएवढा एक पांढरा, चमकणारा खडा होता, दगडातच रुतलेला. त्याला सगळ्या बायका देवीचा दात म्हणायच्या.

आपल्या देवीला आंबट चालतं, हे तुम्हाला माहीत नसेल. घरात कोणाला गोवर किंवा कांजण्या आल्या, अंगात उष्णता भरली, की बरं वाटल्यावर त्या माणसावरून लिंबू ओवाळायचं, पायरीवर आणून चिरायचं, दगडावर पिळायचं आणि वरून तांब्याभर ताक ओतायचं. म्हणजे देवी थंड होते. पण लिंबू पिळण्याआधी सासूबाई त्या पांढऱ्या खड्यावर विड्याचं पान उलटं ठेवायच्या आणि बोटाने दाबून धरायच्या. ही गोष्ट त्या कधीही विसरल्या नाहीत. दुसरी बाई विसरली तर तिच्यावर ओरडायच्या.

"असं का, आई?" मी एकदा विचारलं.

"आंबट लागला तं तिचा दात आंबल. तुझं नाय आंबत?"

मी मनात हसले होते. मग उल्हासनगरच्या शाळेत विज्ञान शिकवायला लागले आणि एकदा मुलांनी खाणीजवळून पांढरे खडे गोळा करून आणले. काही गारगोट्या होत्या, काही दुसरेच. ओळखायचे कसे? ड्रॉपरने ॲसिडचा एकेक थेंब टाकायचा. गारगोटी गप्प बसते. दुसरा फसफसतो. तो कॅल्साइट. आपला काळा दगड म्हणजे थिजलेला लाव्हा. थिजताना त्यात बुडबुडे राहतात, आणि पुढे पाणी झिरपून झिरपून त्या पोकळ्यांत असे पांढरे खडे तयार होतात. काळ्या दगडाला लिंबाचं काही सोयरसुतक नसतं. पांढऱ्याला असतं. त्या दिवशी वर्गातच मला सासूबाईंचं ते विड्याचं पान आठवलं आणि मी घरी येऊन त्यांना हे सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मंग मी काय सांगत होते?"

जत्रेला देवीची पहिली ओटी आपल्या घरातल्या थोरल्या बाईने भरायची, हा आपला मान. ती ओटी सासूबाई त्या दगडावर बसून भरायच्या. आता नीट लक्ष द्या: सासूबाई तरुणपणीच विधवा झाल्या होत्या. तुमचे आजोबा आणि त्यांचा धाकटा भाऊ, दोघांनाही त्यांनी एकटीने वाढवलं. त्यांना त्या पायरीवरून उठ म्हणायची छाती गावात कोणाची नव्हती. जाताना त्यांनी मला सांगितलं होतं, "ती जागा सोरू नको." दागिने, भांडी, कशाचं काही बोलल्या नाहीत. फक्त जागा.

तुमचे आजोबा गेले त्यानंतरच्या पहिल्या जत्रेला मी ताट घेऊन देवळात गेले, तेव्हा तुमचे चुलत आजोबा, म्हणजे माझे धाकटे दीर, पायरीपुढे उभे होते. त्यांना मी भाऊजी म्हणते, इथेही तेच म्हणेन. पांढरे कपडे, गळ्यात साखळी. जमिनीला भाव आल्यापासून ते गावातले मोठे माणूस झाले होते. आनंदनगरच्या कारखान्यांना त्यांचे टँकर लागायचे.

"वहिनी, तुम्ही आता खालीच उभ्या राहा," ते म्हणाले.

"का?"

"समजून घ्या ना. बरं दिसत नाही."

"आई बसत होत्या की जन्मभर."

"आईची गोष्ट वेगळी. तेव्हा बघायला कोण होतं? आता लोक मोबाईल घेऊन येतात, सगळं व्हायरल होतं." मग त्यांनी माझ्या हातातलं ताट काढून घेतलं आणि मागे उभ्या असलेल्या माझ्या जावेच्या हातात दिलं. "चल गो, चढ तू."

जाऊ माझ्याकडे बघत नव्हती. तिने ताट तिरकं धरलं होतं, त्यातली खणाची घडी सरकली. मी ती सारखी केली आणि खाली उतरून उभी राहिले. मी रडले नाही. मला रडूच आलं नाही. पण तो राग पुढची काही वर्षं माझ्याबरोबर राहिला. मला त्याची सवय झाली, तो आवडायलासुद्धा लागला.

त्याच वर्षी पावसाळ्यानंतर भाऊजींनी देवळाचा जीर्णोद्धार काढला. कौलं गेली, स्लॅब आला, टाइल्स आल्या. एक दिवस जाऊन बघते तर काळा दगड दिसेना, त्या जागी गवंडी सिमेंट थापत होता, वर पांढरा संगमरवर बसवायचा म्हणून.

"आईंचा दगड कुठे आहे?" मी भाऊजींना विचारलं.

"काढला. वालधुनीत टाकला."

तुम्ही वालधुनी नदी पाहिली आहे. वास येतो, गाडीच्या काचा वर करा म्हणून मी ओरडते, ती. त्या पाण्यात माझ्या सासूची जागा टाकली, असं ते मला सांगत होते, आणि सांगताना फोनवर कोणाला तरी हाताने थांबायची खूण करत होते.

तरीही मी त्यांना एकदा सावध केलं. हे तुम्ही विसरू नका, कारण माझा सगळा हिशोब इथूनच सुरू होतो. बारशाच्या निमित्ताने सगळे त्यांच्या घरी जेवायला जमले होते. संगमरवराचा नमुन्याचा तुकडा दिवाणखान्यात टीपॉयवर ठेवला होता, पाहुण्यांना दाखवायला. मी पानातली लिंबाची फोड उचलली आणि त्यावर दोन थेंब पिळले. जेवणं होईपर्यंत तसंच ठेवलं. मग पुसून दाखवलं. लखलखीत पांढऱ्यावर दोन मंद गोल डाग उमटले होते, पुन्हा चकाकी न येणारे.

"भाऊजी, या देवीला लिंबू चढतं. इथे संगमरवर टिकणार नाही. काळाच दगड लावा, नाहीतर ग्रॅनाइट लावा."

भाऊजी हसले. सगळ्यांकडे बघून हसले. "बघा, आमच्या वहिनी रिटायर झाल्या तरी शाळा सोडत नाहीत! देवीची पण परीक्षा घेतात. वहिनी, हा ताजमहालाचा दगड आहे. ताजमहाल पडला का?"

"ताजमहालावर कोणी लिंबू पिळत नाही," मी म्हटलं.

"पास की नापास ते तरी सांगा देवीला!" सगळे हसले. बारशाचं बाळ सोडून सगळे.

मी हात धुतले आणि घरी आले. फुकट शिकवायचं मी त्या दिवसापासून बंद केलं.

पायरी झाली. उभ्या अंगावर, म्हणजे चढताना समोर दिसेल अशा बाजूला, त्यांनी स्वतःचं नाव कोरून काळा रंग भरला. नावाच्या वर समाजसेवक. नावाखाली सहकुटुंब. सपाटीवर नाव कोरलं असतं तर लोकांचे पाय लागले असते, म्हणून उभ्या बाजूला. हा विचार त्यांनी अगदी बारकाईने केला होता.

मला पायरीच्या खाली उभं राहायला सांगितलं होतं. तर मी उभी राहू लागले. दर मंगळवारी, पायरीच्या डाव्या हाताला, खांबाला टेकून. आता त्याचा एक परिणाम झाला, जो भाऊजींच्या लक्षात आला नाही. आजूबाजूला टॉवर उठले होते, त्यात नवी माणसं आली होती. त्या बायका देवळात येत आणि त्यांना पहिली भेटे ती मी. कोण कुठल्या गावची, कोण उल्हासनगरहून इकडे फ्लॅट घेऊन आलेली सिंधी सून. त्या विचारायच्या, "आंटी, इधर क्या चढ़ाते हैं?"

मी सांगायचे. जे खरं ते. मुलाला ताप, अंगावर पुरळ, घरात कटकट, जे असेल ते. लिंबू ओवाळा, इथे चिरा, नीट पिळा, ताक ओता. "पूरा निचोड़ो," मी म्हणायचे. "आधा नहीं." एकीने विचारलं, एक चलेगा क्या? म्हटलं, श्रद्धा हो तो दो. मी एकही खोटा शब्द बोलले नाही. रीत मरायला टेकली होती, मी ती जिवंत केली. गावातल्या म्हाताऱ्या मला आशीर्वाद द्यायच्या. देवळाबाहेर लिंबाची टोपली घेऊन एक बाई बसायला लागली.

पायरीची चकाकी आधी गेली. मग बोट फिरवलं की ती खरखरीत लागायला लागली, मग पिवळट डाग धरले. संगमरवर, खडू, शिंपला, अंड्याचं कवच, ही सगळी एका कुळातली मंडळी. यांना कार्बोनेट म्हणतात. आम्ल लागलं की त्यांच्यात बांधलेला वायू सुटून जातो, तोच जो तुमच्या सोड्याच्या बाटलीत असतो, आणि बाकीचा भाग पाण्यात विरघळून वाहून जातो. मागे काही उरत नाही. लिंबू हळू खातं. ताक त्याहून हळू. मला घाई नव्हती.

घाई भाऊजींना होती. दोन वर्षांत पायरीची कळा गेली, तेव्हा ते चिडले. "बायका घाण करून ठेवतात! मळ बसलाय नुसता." आधी साबणाने घासून घेतलं. मग ब्रशने. आणि मग त्यांनी जे केलं ते फक्त आपल्या या पट्ट्यातलाच माणूस करू शकतो.

आपल्याकडे कसं आहे, घरटी कोणी ना कोणी केमिकलच्या कारखान्यात. ॲसिडचा कॅन मोरीखाली असतोच. बाथरूम घासायचं, ॲसिड. फरशीचा सिमेंटचा डाग, ॲसिड. नळाला गंज, ॲसिड. भाऊजींकडे तर निळे कॅन रांगेने ठेवलेले. एका सोमवारी संध्याकाळी ते गमबूट घालून, तोंडाला रुमाल बांधून देवळात आले आणि त्यांनी कॅन पायरीवर ओतला.

पायरी उकळली. तुम्ही असा फेस पाहिला नसेल. पांढरा, जाड, चरचर आवाज करत संपूर्ण पायरीवर पसरला आणि उभ्या अंगावरून, कोरलेल्या अक्षरांवरून ओघळत खाली आला. डोळ्यांना झोंबणारा वास. त्यांच्या मागून पाण्याची बादली घेऊन आलेली जाऊ पदर नाकाला लावून लांब पळाली.

भाऊजी मात्र आनंदाने ओरडले. "बघा! बघा किती मळ होता! कसा उकळून वर येतोय!" त्यांनी देवळाबाहेरच्या लोकांना हाका मारून बोलावलं. लोक आले आणि वा वा करायला लागले. मीही त्या संध्याकाळी दिवा लावायला आले होते, माझ्या खांबाशी उभी होते.

बाळांनो, तो मळ नव्हता. मळ असा फसफसत नाही. तो फेस म्हणजे दगड होता, जो डोळ्यांसमोर हवेत चालला होता. आठवीचं पोर हे सांगू शकतं. भाऊजी माझ्याकडे वळले, रुमाल खाली केला, आणि घामेजलेल्या लाल तोंडाने हसत म्हणाले, "काय वहिनी? तुमच्या लिंबाला आमचं औषध भारी आहे की नाही? निघाला की नाही मळ?"

मी म्हटलं, "निघतंय खरं."

"नापास म्हणत होता ना तुम्ही?"

"मी कुठे काय म्हणाले? तुम्हीच म्हणाला होता."

धुऊन झाल्यावर पायरी खरोखर पांढरीशुभ्र दिसली. दिसणारच, नवा पापुद्रा उघडा पडला होता. भाऊजींचा विश्वास बसला. मग दर सोमवारी ॲसिड. मंगळवारी लिंबू, सोमवारी ॲसिड. खरखरीत दगडात लिंबाचा रस आणि ताक जास्त मुरे, डाग जास्त पडत, म्हणून ते ॲसिड जास्त ओतत. मी कधी काही बोलले नाही. मी घरून दुर्बिणीसारखा जाड चष्मा लावून यायचे आणि त्यांचं नाव वाचायचे.

आधी समाजसेवक गेलं. ते वर होतं, ओघळ आधी त्याच्यावर यायचा. अक्षरांच्या कडा बोथट झाल्या, रंग सुटला. त्यांनी रंगाऱ्याकडून पुन्हा रंग भरून घेतला, पण खाचाच राहिल्या नव्हत्या, त्यामुळे रंग पसरला आणि अक्षरं सुजल्यासारखी दिसायला लागली. मग नाव गेलं. मग आडनावातला एक काना आणि खालचं सहकुटुंब एवढंच उरलं. म्हणजे पायरी कोणाच्यातरी कुटुंबाने दिली होती, पण माणूस कोण ते कळत नव्हतं. मला ते वाचून इतकं बरं वाटायचं की त्या मंगळवारी मी घरी येऊन शिरा करायचे. तुम्ही म्हणाल आजी किती दुष्ट. म्हणा. माझ्या हातातलं ताट काढून घेतलं तेव्हा तुम्ही तिथे नव्हता.

आता यंदाच्या जत्रेचं सांगते, म्हणजे ज्या दिवसाबद्दल तुम्हाला खोटं सांगितलं गेलं, तो दिवस.

देवळात मोठी गर्दी होती. सगळ्यांचे मोबाईल वर. माझी जाऊ नऊवारी नेसून, ओटीचं ताट घेऊन आली. तिने पायरीवर उजवा पाय ठेवला आणि लगेच मागे घेतला. पायरी हलली होती. ॲसिडने नुसता संगमरवर खाल्ला नव्हता, सांध्यांतून खाली उतरून सिमेंटही खाल्लं होतं. सिमेंटातही तीच सोयरीक असते.

"चढ की," भाऊजी म्हणाले.

"पायरी डुलतेय," जाऊ म्हणाली.

"काही डुलत नाही. लोक बघतात, चढ."

जाऊ माझ्याहून लहान, पण तिचेही गुडघे आता गेलेले. ती एवढी वर्षं नवऱ्यासमोर बोलली नव्हती. तिने ताट घट्ट धरलं आणि सरळ चालत माझ्या शेजारी येऊन खांबाशी उभी राहिली. "मी नाय चढत. तुमाला एवरी हौस हाय तं तुमीच भरा ओटी."

लोक हसले. भाऊजींचे कान लाल झाले. "अरे, हा बघा, मी चढून दाखवतो! हत्ती चढवा हत्ती!" आणि ते दोन्ही पायांनी, जोर देऊन, पायरीवर उभे राहिले.

लादी सरकली. अगदी सावकाश, पाटावरून ताट घसरावं तशी. भाऊजींनी हात पसरले, धरायला काही नव्हतं, आणि ते बसले. कुठे, तर बरोबर त्या उभ्या लादीवर, जी सुटून आडवी पडली होती. स्वतःच्या कुटुंबावर. त्यांना लागलं नाही, एवढं सांगते, म्हणजे तुम्हाला वाईट वाटायला नको. मला वाटलं नाही. एक पोरगी पहिली हसली, मग सगळ्या बायका. लोकांनी काढलेल्या व्हिडिओत जो ठसक्यासारखा आवाज येतो तो माझा आहे.

त्यांना हात देऊन उठवलं तेव्हा खाली मला काळं दिसलं.

दगड तिथेच होता. वालधुनीत कोणी टाकला नव्हता. नंतर गवंड्याने सांगितलं, तो हलवायला क्रेन लागली असती, म्हणून त्याच्यावरच सिमेंटचा माल टाकून लाद्या बसवल्या होत्या. वालधुनीचं भाऊजींनी नुसतं मला दुखवायला सांगितलं होतं. गवंड्याने हे सगळ्यांदेखत सांगितलं, आणि भाऊजी कपडे झटकत राहिले.

मी जावेच्या हातातलं ताट घेतलं. तिने लगेच सोडलं. संगमरवराचे तुकडे ओलांडून मी काळ्या दगडावर चढले, सासूबाईंच्या खळग्यात बसले आणि देवीची ओटी भरली. कोणी मला अडवलं नाही. भाऊजी खाली उभे होते, खांबाशी, माझ्या जागेवर. मी त्यांच्याकडे बघून म्हटलं, "बरं दिसतंय का?"

म्हणजे आधी पायरी फुटली, मग मी चढले. क्रम महत्त्वाचा असतो. प्रयोग लिहिताना क्रम बदलला तर मी मुलांचे मार्क कापायचे.

ओटी भरून झाली आणि मी सवयीने तो पांढरा खडा शोधला. बोट फिरवलं. खडा नव्हता. खळग्याच्या कडेला नुसतं भोक होतं, आत ओलसर. लिंबाला सासूबाई पान आड धरायच्या. दगडावर लादी होती तेव्हा ॲसिड सांध्यांतून झिरपत तिथपर्यंत पोहोचलं, आणि आड धरायला कोणाचं बोट नव्हतं. दगड तिथे आहे हे मला ठाऊक असतं, तर पहिल्या सोमवारीच मी भाऊजींचा हात धरला असता. पण मला वालधुनी सांगितली होती. म्हणून तो दात मी त्यांच्याच खाती मांडते. पायरी मी घेतली, दात त्यांनी. पायरीचं मला काही नाही. दाताचं मी त्यांना मरेपर्यंत माफ करणार नाही, आणि हे वाक्य त्यांना दोनदा वाचून दाखवलं तरी चालेल.

सहकुटुंब लिहिलेला तुकडा मी घरी आणला आहे. तो स्वयंपाकघराच्या खिडकीत असतो. कोशिंबिरीला लिंबू पिळून झालं की उरलेलं साल मी त्यावर उपडं ठेवते. सध्या फक्त "कुटुं" वाचता येतं.

देवळात नवी पायरी बसवायची नाही, असं गावाने ठरवलं. मधल्या खळग्यासकट काळा दगड आहे. दाताच्या जागी चिंचोक्याएवढं भोक आहे. दर मंगळवारी मी त्या दगडावर बसते, आणि हल्ली जाऊही माझ्या शेजारी बसते.